माझ्या क्लायंटचे मिस्टर

आमच्या नीलपर्ण सोसायटीच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो नसतो, तर पुढचं काहीच झालं नसतं. विषय सोसायटीच्या शिलकीचा होता. पैसे बँकेत नुसते पडून आहेत, त्यांचं जरा शास्त्रशुद्ध नियोजन करावं, एवढंच मी म्हणालो. अध्यक्ष हिंमतराव यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अतिशय आदबीनं विचारलं, "केदारराव, या विषयात आपलं शिक्षण काय झालंय?"

"मी बी.कॉम. आहे," मी म्हणालो.

"ते कोथरूडमध्ये जन्मतःच असतात. पुढं काही?"

पुढं काही नव्हतं. सभा हसली. माझी बायको तनुजाही हसली. तिचं म्हणणं असं, की ती खोकली. मी काही तो मुद्दा ताणला नाही, पण खोकला इतका वेळेवर येत नसतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर मी कर्वे रस्त्यावरच्या एका संस्थेत गेलो आणि वित्तीय नियोजनाच्या पदव्युत्तर पदविकेला नाव घालायचंय म्हणून सांगितलं. संध्याकाळचे वर्ग, वर्षभराचा अभ्यास, शेवटी परीक्षा आणि एक प्रकल्प. खिडकीतल्या बाईंनी माझ्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कुठाय?" मला मुलगा नाही, मुलगी आहे, ती बंगळुरूला नोकरी करते, आणि शिकणार आहे तो मी, एवढं त्यांच्या गळी उतरेपर्यंत त्यांच्या चहाची वेळ झाली. चहा पिऊन आल्यावर त्यांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र उजेडात धरून पाहिलं.

"यात आणि प्रवेशात गॅप आहे," त्या म्हणाल्या. "गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल."

"गॅप म्हणजे?"

"मधली वर्षं आपण काय करत होतात ते."

मधल्या वर्षांत मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्कपर्यंत चढलो, लग्न केलं, मुलगी वाढवली, फ्लॅटचे हप्ते फेडले आणि पित्ताशयाचं ऑपरेशन करून घेतलं. या सगळ्याला मी आजवर आयुष्य म्हणत होतो. संस्थेच्या लेखी ते गॅप होतं.

प्रतिज्ञापत्रासाठी शिवाजीनगर कोर्टाच्या बाहेर गेलो. तिथं झाडाखाली टेबल मांडून बसलेल्या टायपिस्टनं मान वर न करता विचारलं, "गॅपचं कारण?" मी नोकरीपासून सुरुवात केली. तो म्हणाला, "एकच टाकायचं. आजारपण, नापास, की घरगुती अडचण?"

"लग्न टाका," मी म्हणालो.

"ते घरगुती अडचणीतच येतं," तो म्हणाला आणि टाइप करून मोकळा झाला.

घरी तनुजानं ते प्रतिज्ञापत्र नीट वाचलं, शिक्क्यासकट. "माझं नाव घालायला हवं होतं," ती म्हणाली. "अडचण अशी निनावी बरी दिसत नाही."

वर्गात पहिल्या दिवशी मी शिरलो तेव्हा सगळी मुलं उठून उभी राहिली. मी "बसा, बसा" म्हणालो आणि पहिल्या बाकावर बसलो. मग स्वराली मॅडम आल्या. आमच्या अभ्यासक्रमाच्या त्या समन्वयक. वयानं माझ्या मुलीपेक्षा, ऋचापेक्षा, थोड्या मोठ्या असतील नसतील. मला पाहून त्या किंचित चपापल्या आणि तास संपेपर्यंत इतकं जपून शिकवत राहिल्या की मला त्यांचं कौतुक वाटलं. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, आपलं इन्स्पेक्शन किती दिवस चालणार आहे?" मी विद्यार्थी आहे असं सांगितल्यावर त्यांना एवढं हायसं वाटलं की पुढच्याच तासाला त्यांनी मला दोनदा उभं करून प्रश्न विचारले. दोन्ही मला आले नाहीत.

पण मी नेटानं अभ्यास केला. पैशाचं कालमूल्य नावाचं एक प्रकरण असतं. आजचा रुपया हा उद्याच्या रुपयापेक्षा मोलाचा, असा त्याचा मथितार्थ. हे कळल्यापासून मला दुधाचं बिल महिन्याच्या सुरुवातीला देववेना. दूधवाल्यालाही मी ते आकृती काढून समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध टाकणं बंद केलं. तनुजानं त्याची समजूत घातली, माझ्या देखत, "त्यांचं सध्या शिक्षण चालू आहे" असं म्हणून.

परीक्षेचं कसंही निभावलं असतं. खरा घात केला प्रकल्पानं. एका खऱ्याखुऱ्या कुटुंबाचं, म्हणजे क्लायंटचं, संपूर्ण आर्थिक नियोजन करायचं. माहिती खरी हवी. आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी क्लायंटनं जातीनं येऊन बाहेरच्या परीक्षकांना सांगायचं, की हो, यांनी माझंच नियोजन केलंय आणि ते मला समजलंय.

"सर, क्लायंट रिअल पाहिजे हं," स्वराली मॅडमनी मला वेगळं बजावलं. "मागच्या बॅचला एकानं स्वतःच्या कुत्र्याच्या नावानं प्लॅन केला होता. एक्झॅमिनर इम्प्रेस झाले, पण क्लायंटला आणा म्हणाले."

क्लायंट मिळायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं. पुण्यात माणूस आपल्या प्रकृतीबद्दल रस्त्यात थांबवून सांगतो. पोट कधी साफ होतं, कधी होत नाही, हे मला आमच्या जिन्यातल्या प्रत्येकाचं पाठ आहे. पण पैशाचं नाव काढलं की हीच माणसं परगावची होतात.

हिंमतरावांनी मात्र स्वतःहून निरोप पाठवला. "मी हाय की. या, विचारा काय ते." हिंमतराव मूळचे खडकवासल्याच्या पलीकडच्या गावचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची भाषा एरवी चोख शहरी, पण मन मोकळं करायचं म्हटलं की गावाकडची होते. त्यामुळे मी आशेनं गेलो. मुक्ताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, चकल्या आणून ठेवल्या. मी प्रश्नावली उघडली.

"आपलं मासिक उत्पन्न?"

"पेन्शन येती."

"साधारण किती?"

"पुरंल एवढी."

"आणि खर्च?"

"व्हतो."

"गुंतवणूक?"

"आहे आपली, देवाच्या दयेनं."

"आयुष्यातलं पुढचं उद्दिष्ट काय?"

हिंमतरावांनी बराच विचार केला. "गुडघा," ते म्हणाले.

मी ते लिहून घेतलं आणि शेवटचा प्रश्न विचारला. तो प्रश्न माझा नव्हता, संस्थेनं छापून दिला होता. "घरात सोनं अंदाजे किती आहे आणि ते कुठं ठेवता?" त्याबरोबर आतल्या खोलीत कपाटाला किल्ली फिरल्याचा आवाज आला. मुक्ताई बाहेर आल्या आणि चकल्यांची ताटली उचलून घेऊन गेल्या. मुलाखत तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीला माहीत झालं की केदारराव आयकर खात्याला आतून सामील आहेत, आणि ते संध्याकाळचे वर्गाला म्हणून जातात ते तिकडेच. माझ्यावर याचा झालेला परिणाम मी सांगत नाही, पण इमारतीवर झालेला सांगण्यासारखा आहे. खालच्या मजल्यावर नवी गाडी आली होती, तिच्यावर जुनी चादर पडली. समोरच्या ब्लॉकमध्ये बाथरूमला इटालियन फरशी बसवत होते, ते काम थांबलं आणि अर्धवट बाथरूममुळे ती मंडळी आंघोळीला नातेवाइकांकडे जाऊ लागली. लिफ्टमध्ये मी शिरलो की लोक आपसात महागाईबद्दल बोलत. एक गृहस्थ तर माझ्या देखत भाजीवाल्याकडे उधारी मागू लागले. आणि मग सूचनाफलकावर सचिवांच्या सहीनं कागद लागला: "काही सभासद इतर सभासदांच्या दागिन्यांची चौकशी करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. दागिने ही सामायिक सुविधा नाही याची नोंद घ्यावी."

मी सचिवांकडे जाऊन 'काही सभासद' हे अनेकवचन का, असं विचारलं. ते म्हणाले, "आदरार्थी आहे."

हिंमतरावांना मात्र वाईट वाटलं असावं. आठवड्याभरानं ते जिन्यात भेटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "केदारराव, ते कागदावरचं नियोजन सोडा. धरणाच्या बाजूला एक एजंट प्लॉट पाडतोय. दोन शेजारशेजारचे राहिलेत. एक मी घेतो, एक तुम्ही घ्या. तुम्ही शिकलेले, तुम्हाला पटंल." शिकलेले हा शब्द त्यांनी सहज वापरला. सभेनंतर पहिल्यांदाच. रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी प्लॉट पाहून आलो. वारा छान होता. प्लॉटच्या एका विशिष्ट कोपऱ्यात टाचा उंचावून उभं राहिलं, तर झाडांच्या फटीतून धरणाचं पाणी दिसतं. मी बराच वेळ टाचा उंचावून उभा राहिलो आणि हो म्हणून टाकलं. तनुजाला मी ऐन वेळी सांगणार होतो, सुखद धक्का म्हणून. पैसे आमच्या दोघांच्या खात्यातले होते आणि त्यातले बरेचसे तिच्या कमाईचे होते, त्यामुळे धक्का नक्की बसला असता.

इकडे क्लायंट मिळेना. प्रकल्पाची मुदत जवळ आली. शेवटी मी नियमावली पुन्हा वाचली. क्लायंट हा 'रक्ताचा नातेवाईक' नसावा, असं तिथं होतं. मी स्वराली मॅडमना विचारलं, बायको चालेल का. त्यांनी कुलसचिवांना विचारलं. कुलसचिवांनी फाइल मागवून घेतली आणि शेरा मारला: 'पत्नी ही रक्ताची नसते. हरकत नाही.' शेरा तनुजाला दाखवला तर म्हणाली, "चला, एवढ्या वर्षांनी कुणीतरी लेखी दिलं."

ती तयार झाली, पण सगळं रीतसर व्हायला हवं म्हणाली. आधी वेळ ठरवायची. नियोजकानं लेंग्यावर बसायचं नाही. चहा नियोजकानं करायचा, कारण कुठल्याही ऑफिसात क्लायंट जाऊन चहा टाकत नाही. आणि क्लायंटला 'आपण' म्हणायचं.

शनिवारी दुपारी मी पँट-शर्ट घालून आमच्याच डायनिंग टेबलाशी बसलो. तनुजा आतून साडी नेसून, पर्स घेऊन आली आणि समोर बसली. तनुजा जर्मन शिकवते, लग्नाआधीपासून. हल्ली डहाणूकर कॉलनीतल्या तिच्या वर्गाला मराठवाड्या-विदर्भातून आलेल्या नर्स मुली असतात. शिकतात, परीक्षा देतात आणि तिकडच्या हॉस्पिटलांत कामाला जातात. हे मला माहीत होतं. क्लायंटबद्दल आपल्याला सगळंच माहीत आहे या समजुतीनं मी 'मुख्य उद्दिष्ट' या रकान्यात आधीच पेन्सिलीनं 'मुलीचं लग्न' असं लिहून ठेवलं होतं.

"आपलं पुढच्या काही वर्षांतलं मुख्य उद्दिष्ट काय?" तरी मी विचारलं.

"हे गुप्त राहतं ना?" तिनं विचारलं.

"आमच्या आचारसंहितेचं पहिलं कलमच ते आहे," मी म्हणालो. मला ते कलम पाठ होतं आणि तोवर कुणी विचारलं नव्हतं.

"कुणालाही सांगायचं नाही. माझ्या घरीसुद्धा."

"आपल्या घरीसुद्धा नाही."

"मला एक वर्ष जर्मनीत जाऊन राहायचंय," तनुजा म्हणाली. "एकटीनं."

मी खोडरबर शोधू लागलो. ती बोलत राहिली. राजनंदिनी नावाची तिची विद्यार्थिनी उत्तरेकडच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात आहे. तिथं नव्यानं येणाऱ्या आपल्या मुली कागदावर पास असतात, पण पेशंट बोलायला लागला की गांगरतात. त्यांच्याबरोबर राहून त्यांना बोलतं करायला तिथल्या प्रशिक्षण केंद्राला कुणीतरी हवंय. मानधन बेताचं आहे. राहण्याखाण्याची तरतूद आपली आपण दाखवावी लागते. "मी इतकी वर्षं त्या देशाची भाषा शिकवतेय," ती म्हणाली. "तिथल्या स्टेशनांची नावं मुलींकडून घोकून घेते. मी तो देश बघितलेला नाही."

मी सगळं लिहून घेतलं. अक्षर जरा वेडंवाकडं आलं. मग छापील पुढचा प्रश्न विचारला. "या उद्दिष्टाला संभाव्य धोका कोणता?"

"माझे मिस्टर."

"धोक्याचं स्वरूप?"

"त्यांना धरणाजवळ प्लॉट घ्यायचाय. मला अजून सांगितलेलं नाही. मुक्ताईंकडून कळलं. सगळ्या सोसायटीला माहीत आहे."

"आपण मिस्टरांशी याबद्दल बोललात का?"

"ते सध्या अभ्यासात आहेत," क्लायंट म्हणाली, पर्स उचलली आणि आत जाऊन साडी बदलून आली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नियोजकाला जे माहीत होतं, ते नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि दोघं एकाच ताटात जेवत होते. एकदा मी आमटी वाढून घेताना अगदी सहज म्हणालो, "जर्मनीत थंडी फार असेल नाही?"

तनुजानं चमचा खाली ठेवला. "का हो? जर्मनीचं काय मध्येच?"

"नाही, आपलं असंच."

"तुम्ही तुमच्या क्लायंटच्या गोष्टी घरी बोलता की काय?" ती म्हणाली. "मग मला दुसरा नियोजक बघावा लागेल."

मी भात कालवला. दुसऱ्या दिवशी स्वराली मॅडमना गाठलं आणि माझ्या एका मित्राची म्हणून अडचण सांगितली. मॅडम म्हणाल्या, "सर, हा क्लिअर कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे. तुमच्या मित्रानं क्लायंटला रायटिंगमध्ये डिस्क्लोज करायला पाहिजे. आणि सर, मॅडम कशा आहेत?"

त्याप्रमाणे मी टाइप केलं: 'आपणांस कळविण्यात येते की मी आपला पती असून आपल्या पैशांत माझे हितसंबंध गुंतलेले आहेत.' दोन प्रती काढून तनुजाला दिल्या. तिनं एकीवर 'वाचले. आश्चर्य वाटले नाही' असं लिहून सही करून परत केली.

आता आकडेमोड. इथं मला सांगायला हवं की मी संपूर्ण प्रामाणिकपणे बसलो होतो. कॉम्प्युटरवर तक्ता असा केला होता की उद्दिष्ट शक्य असेल तर खालचा चौकोन हिरवा व्हावा, नसेल तर लाल. क्लायंटचे पैसे आणि तिचं वर्ष घातलं. चौकोन हिरवा झाला. मी म्हटलं, एवढ्यात हुरळून जाऊ नये, सावध अंदाज धरावेत. जर्मनीतली महागाई दुप्पट केली. हिरवा. क्लायंट शंभरी ओलांडून जगेल असं धरलं. हिरवा. तिला तिथं वर्षातून दोनदा न्यूमोनिया घातला, तोही विम्याशिवाय. तरी हिरवाच. तनुजानं इतकी वर्षं इतक्या शिस्तीनं पैसे बाजूला टाकले होते की मला ती कुणी परकी, कर्तबगार बाई वाटायला लागली. शेवटी मी प्लॉट घातला. चौकोन तत्काळ लाल झाला. प्लॉट काढला, हिरवा. घातला, लाल. मी बराच वेळ तो काढत-घालत बसलो. मागून तनुजा केर काढत आली आणि म्हणाली, "सिग्नल बिघडलाय का?"

अहवालात मी लिहिलं, की क्लायंटनं मिस्टरांच्या प्लॉटमध्ये पैसे गुंतवू नयेत. नियोजक म्हणून दुसरं काही लिहिता येत नव्हतं. नवरा म्हणून मला ते वाक्य फार लागलं, आणि दाद मागायला मी माझ्याकडेच जाऊ शकत होतो.

तोंडी परीक्षेला कुंजीर सर आले. एका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चेहऱ्यावर सतत कुणीतरी जास्त व्याज मागितल्यासारखा भाव. तनुजा तीच साडी नेसून माझ्या शेजारी, पण मध्ये एक खुर्ची सोडून बसली होती. स्वराली मॅडम दाराशी होत्या. कुंजीर सरांनी अहवाल चाळला, मान हलवली. मग एका पानावर बोट ठेवून थांबले.

"बाई, यांनी तुम्हाला प्लॅन समजावून सांगितला?"

"हो. चहासुद्धा दिला."

"हं. पण केदार ओगले, मुख्य धोका म्हणून तुम्ही यांच्या मिस्टरांना धरलंय. अख्खं एक प्रकरण आहे त्यांच्यावर. 'हट्टी, पण उपद्रवी नाही' असंही लिहिलंय. तुम्ही त्या गृहस्थांना भेटलात?"

"सर, म्हणजे..."

"त्यांची बाजू ऐकून न घेता हे लिहिलंत? त्या माणसाला काय हवंय हे कुणी विचारलं? प्रकल्प अपुरा आहे."

"सर, ते गृहस्थ मीच आहे," मी म्हणालो.

कुंजीर सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तनुजाकडे, मग तिच्या-माझ्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. स्वराली मॅडमनी घाईघाईनं कुलसचिवांचा शेरा पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि थंडपणे बाजूला ठेवला.

"मग तर फारच सोपं होतं," ते म्हणाले. "बसल्या जागी मुलाखत झाली असती. का घेतली नाहीत?"

परीक्षेत अनुत्तीर्ण होण्याची तयारी करून मी कागद गोळा करायला लागलो. हिंमतरावांचा चष्मा कपाळावर चढलेला मला स्पष्ट दिसला. तेवढ्यात तनुजा म्हणाली, "मी विचारू का त्यांना? प्रश्न मला पाठ आहेत."

"विचारा," कुंजीर सर म्हणाले.

ती मधल्या खुर्चीवर सरकली आणि माझ्याकडे वळली. "आपलं मुख्य उद्दिष्ट काय?"

"प्लॉट," मी म्हणालो.

"आपल्याला तिथं राहायचंय?"

"नाही."

"शेती?"

"मला कुंडीतली तुळस जगवता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे."

"मग कशाला हवाय?"

खोलीत पंखा फिरत होता. कुंजीर सर पेनाचं टोपण काढून बसले होते. मला चांगलं काहीतरी उत्तर सुचत होतं, मालमत्तेच्या विविधीकरणाबद्दल, पण ती माझ्याकडे बघत असताना ते तोंडातून येईना. "हिंमतराव मला शिकलेले म्हणाले," मी म्हणालो. "त्यांना नाही कसं म्हणणार?"

तनुजा हसली नाही. खोकलीही नाही. "या उद्दिष्टाखेरीज दुसरं काही आहे?"

"मला एक माहिती हवी होती. क्लायंट वर्षभर गेली, तर परत येणार आहे ना?"

"परतीचं तिकीट आहे तक्त्यात," ती म्हणाली. "तुम्हीच घातलंय."

"ते मी गृहीत धरलं होतं. विचारलं नव्हतं."

"येणार आहे," तनुजा म्हणाली. "पण तोवर तुम्हाला कुकर लावायला शिकावं लागेल."

"हे टिपून घ्या," कुंजीर सर स्वराली मॅडमना म्हणाले. "पतीचं कौशल्यप्रशिक्षण." मग त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढली, झाकून काहीतरी लिहिलं आणि आम्हाला जायला सांगितलं. निकालात मला प्रकल्पात प्रथम श्रेणी मिळाली. शेरा होता: 'क्लायंट उत्कृष्ट.'

राहिले हिंमतराव. त्यांना नाही म्हणायचं धैर्य गोळा करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी दार वाजवलं, निकालाचा कागद दाखवला आणि मग एका दमात सांगून टाकलं, की प्लॉट मी घेत नाही. हिंमतराव मटकन कोचावर बसले.

"घेत नाही? मग मी कशाला घेतोय?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्ही पदव्युत्तर माणूस. तुम्ही हो म्हणालात, मला वाटलं काहीतरी बघितलं असणार. मला तर त्या जागेत पाणीसुद्धा दिसलं नव्हतं. तुम्ही टाचा उंच करून बघत होता, म्हणून मी गप बसलो." त्यांनी आत हाक मारली, "अगं ए, रद्द झालं." आतून मुक्ताई चकल्यांची ताटली घेऊन आल्या, आणि या वेळी ती त्यांनी परत नेली नाही.

तनुजा वसंत ऋतूत गेली. म्हणजे तिकडच्या, इकडे उन्हाळा कडक होता. विमानतळावर मी तिला कागदपत्रांची पिशवी पुन्हा पुन्हा तपासायला लावत होतो. शेवटी ती म्हणाली, "आता नियोजक पुरे. जरा नवरा म्हणून उभे राहा." मग मी नुसता उभा राहिलो, ती आत जाऊन दिसेनाशी होईपर्यंत.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी कुकरच्या शिट्या मोजत होतो, त्यामुळे पहिलं वाक्य चुकलं. ती सांगत होती की सकाळी उठून ती एकटी बाहेर पडली, कोपऱ्यावर बेकरी होती, तिथं गेली. काउंटरवरच्या बाईला तिनं पाव मागितला.

"जर्मनमध्ये?" मी विचारलं.

"मग काय मराठीत? पहिलंच वाक्य, अहो, इतक्या वर्षांतलं. समोर खरी जर्मन बाई. आणि तिला समजलं. मला दिसलं ना तिच्या चेहऱ्यावर."

"मग?"

"मग तिनं इंग्रजीत उत्तर दिलं."

मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. "मग तू काय केलंस?"

"मी पुन्हा जर्मनमध्ये विचारलं. ती पुन्हा इंग्रजीत. मी पुन्हा जर्मनमध्ये. मागे ही रांग झाली."

"लोक काही बोलले नाहीत?"

"बोलले की," तनुजा म्हणाली, आणि फोनवरसुद्धा मला तिचा चेहरा दिसला. "सगळे जर्मनमध्ये बोलले."